समोर लाईट आहे का?

लाईट गेली की माणूस आधी पंख्याकडे बघतो आणि मग खिडकीकडे धावतो. समोरच्या बिल्डिंगमध्ये लाईट आहे का, ते बघायला. समोरही अंधार असला की जिवात जीव येतो. सगळ्यांचीच गेलीय, म्हणजे येईल. समोर ट्यूब लख्ख जळत असतील तर मात्र धाकधूक सुरू होते. बिल भरलं होतं ना? मेन पडला का? की आपलाच फेज गेला? शेजाऱ्याच्या अंधाराने एवढा दिलासा माणसाला दुसऱ्या कुठल्या बाबतीत मिळत असेल असं मला वाटत नाही.

गेल्या मे महिन्यात नेरुळला आमच्या सेक्टरची लाईट रात्री साडेनऊला गेली. आमच्याकडे खांब नाहीत, सगळ्या केबली जमिनीखालून. शहर त्यामुळे नीटनेटकं दिसतं, पण केबल जळली की ती नेमकी कुठे जळली हे शोधण्यातच रात्र जाते. आधी फॉल्ट शोधणारी गाडी, मग खड्डा, मग जॉइंट. सोसायटीला जनसेट आहे, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता. तो सुरू झाला, वीस मिनिटं धडधडला, खोकला आणि बंद पडला. डिझेल संपलं होतं. शेवटचं कधी भरलं ते सेक्रेटरींना आठवेना आणि खजिनदारांना त्याचं बिल सापडेना. चौदा मजल्यांवरची माणसं चटया घेऊन गच्चीवर आली. जी लिफ्टने खाली गेली होती ती खालीच बाकावर बसून राहिली.

गच्चीवर गेल्यावर प्रत्येकाने तेच केलं. कठड्याशी जाऊन समोर पाहिलं. पूर्वेकडे रेल्वेलाईनच्या पलीकडे लाईट होती, म्हणून आधी सगळे चिडले. मग सातव्या मजल्यावरचे काका दुसऱ्या बाजूच्या कठड्याशी उभे होते, ते तिथूनच म्हणाले, "इकडे या. समोर लाईट आहे."

खाडीपलीकडे न्हाव्याचे दिवे, बंदरातल्या क्रेनवरचे पिवळे झोत, आणि त्यांच्या उजव्या हाताला, पाण्यातल्या काळ्या टेकडीच्या पायथ्याशी मोजता येतील एवढेच दिवे.

"घारापुरी," काका म्हणाले. "मी नोकरीत होतो तेव्हा तिकडे रात्री दहानंतर काही दिसायचं नाही. आज ते आपल्याकडे बघत असतील."

काका वीज मंडळातून लाईनमन म्हणून निवृत्त झाले. उरण, पनवेल, भिवंडी असं फिरत फिरत चौतीस वर्षं. २००५ साली मंडळाच्या तीन-चार कंपन्या झाल्या, पण काकांच्या तोंडी अजून 'बोर्ड'च. त्या रात्री लाईट पहाटे सव्वातीनला आली. तोवर काकांनी मला जे सांगितलं, आणि नंतर वर्षभर मी त्यांच्या मागे लागून जे वदवून घेतलं, त्यातलं थोडं इथे लिहितेय.

घारापुरीला मी पहिल्यांदा गेले ती शाळेच्या सहलीतून. कळव्याची शाळा, त्यामुळे लाँचमध्ये बसणं हाच मोठा सोहळा. त्रिमूर्तीपेक्षा मला माकडाने पळवलेला बाईंचा डबा जास्त आठवतो. शेवटची लाँच चुकू नये म्हणून बाई सारख्या घड्याळात बघत होत्या, आणि आम्ही गेल्यावर त्या बेटावर रात्र कशी होत असेल हा प्रश्न आम्हा पन्नास पोरांपैकी एकीलाही पडला नाही. लेणी १९८७ साली युनेस्कोच्या यादीत गेली. जगभरची माणसं येऊन दगडातले शिव-पार्वती बघून जात होती, आणि तिथून खाली उतरलं की राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तीन गावांत संध्याकाळी जनरेटरवर तीनेक तास लाईट मिळत होती. सातच्या सुमाराला यायची, दहाला जायची. बाकी रात्र कंदील, चिमणी, पुढे पुढे सौर दिवे.

तारेची लाईट तिथे आली २०१८ च्या फेब्रुवारीत. उरणच्या बाजूने समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकली. खर्च आला पंचवीस कोटींच्या घरात. महावितरणने ते काम साधारण सव्वा वर्षात केलं. सव्वा वर्षाचं काम होतं, आणि त्याला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं थांबावं लागलं.

मला या साडेसात किलोमीटरचा हिशेब काही केल्या लागत नाही. १९१५ साली टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज तयार केली आणि घाटाच्या पायथ्यापासून थेट मुंबईच्या गिरण्यांपर्यंत ती तारांवरून नेली. डोंगर, खाडी, दलदल, काहीच आड आलं नाही, कारण पलीकडे गिरण्या होत्या. त्या गिरण्यांच्या शहरापासून, गेटवेच्या कठड्यावरून डोळ्यांना दिसणाऱ्या बेटावर जायला विजेला पुढची १०३ वर्षं लागली. एरवी आपण म्हणतो की समुद्र आडवा आला. समुद्राचा दोष थोडा आहेच, पण पलीकडे दोनेकशे घरं होती आणि गिरणी एकही नव्हती, हे त्याहून मोठं कारण असणार. आणि त्या दोनेकशे घरांना 'समोर लाईट आहे का' हे कधी उठून बघावंच लागलं नाही. समोर मुंबई होती. रोज रात्री होती.

डिसेंबरात काकांना घेऊन घारापुरीला गेले. खरं तर त्यांनीच मला नेलं. त्यांना लेणी बघायची नव्हती, केबल कुठून वर येते ते बघायचं होतं. लाँचमधून उतरल्यापासून त्यांची मान वर. हा पोल, तो ट्रान्सफॉर्मर, ही चिनी मातीची चिमणी, म्हणजे तारेचा इन्सुलेटर, खाऱ्या हवेत किती दिवस टिकेल. समुद्राकाठी इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, कोरड्या दिवसांत काही होत नाही, पण दव पडलं किंवा पहिला पाऊस शिंतडला की तो थर ओला होतो आणि करंट त्याच्यावरून धावायला लागतो. "पहिल्या पावसाच्या रात्री मी कधी घरी जेवलो नाही," काका म्हणाले. नट-बोल्टसुद्धा गंजून पावडर होतात म्हणे. मागून येणारे पर्यटक या खांब न्याहाळणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या सोबत नसल्यासारखी चालत होते.

लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्या शंभरावर आहेत, आणि दोन्ही बाजूंना दुकानं. अर्ध्यात माझा दम गेला. कोकम सरबताच्या टपरीवर बसलो. टपरीवाली साठीची असेल, नाकात चमकी, समोर छोटा फ्रीज. काकांनी सरळ विचारलं, "लाईट आल्यावर पहिलं काय घेतलं?"

"ह्यो," तिने फ्रीजवर थाप मारली. "टीवी त आधीच व्हती. सात ते धा चालायची. त्याच टायमाला मिक्सर, त्याच टायमाला मोटर, त्याच टायमाला पोरांचा अभ्यास, नि त्याच टायमाला शिरेल. मी पोरांना सांगाची, अभ्यास शिरेल संपल्यावर. शिरेल संपली का लाईट जायाची."

फ्रीजच्या आधी ती रोज सकाळी पलीकडून होडीने बर्फ मागवायची. थर्माकोलच्या खोक्यात. अकरापर्यंत बर्फ, दोनपर्यंत गार पाणी, आणि पर्यटक सगळ्यात जास्त तापून खाली उतरतात ते तीनला. त्या वेळी तिच्याकडे नुसतं ओलं खोकं असायचं. विजेने गावाचा विकास होतो असं आपण वाचतो, म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. तीन वाजताची गार बाटली विकता येते.

"मग आता बर्फाचे पैसे वाचले."

"वाचले ना. बिल येतं."

हे ती इतक्या सरळ चेहऱ्याने बोलली की काकांना ठसकाच लागला. निघताना त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, जो बहुतेक त्यांना पहिल्यापासून विचारायचा होता. लाईट गेली तर काय करता? तिने समुद्राकडे हात केला. "मंग वाट बगाची. मानूस तिकडना येनार. त्याला होरी पायजे, होरीला भरती पायजे."

परतीच्या लाँचमध्ये काकांची शिकवणी सुरू झाली. माझी समजूत होती की लहान जागेला वीज पुरवणं सोपं. घरं थोडी, दिवे थोडे. काका म्हणाले, उलटं आहे. हजार पानांच्या पंगतीत दहा पाहुणे वाढले तर आचाऱ्याला कळतही नाही. दोघांच्या घरात एक पाहुणा आला तर पुन्हा परात घ्यावी लागते. वीज बॅटऱ्यांत मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवायची सोय आत्ता आत्ता, त्या स्वस्त झाल्यावर होऊ लागली. एरवी ज्या क्षणी जेवढी लागते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. आपल्या ग्रिडमध्ये काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी जनित्रं एकाच तालात, विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतील अशी फिरतात. नेरुळमध्ये हजार एसी एकदम लागले तरी तो ताल जेमतेम हलतो. बेटावरच्या एकट्या जनरेटरला मात्र विहिरीची एक मोटर सुरू झाली तरी हिसका बसतो, दिवे मंदावतात, टीव्हीवरचं चित्र थरथरतं.

बरं, जनरेटर केवढा घ्यायचा? गावात लग्न असेल त्या दिवसाच्या मापाने घ्यावा लागतो. मग उरलेलं वर्ष तो पाव भारावर चालतो. आणि डिझेल इंजिनाला कमी भार मानवत नाही. नीट तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरतो. म्हणजे कमी वीज काढा किंवा जास्त, तेल प्यायचं ते पितोच. आणि ते तेल बेटावर चालत येत नाही. लक्षद्वीपची वस्तीची दहा बेटं वर्षानुवर्षं याच डिझेलवर जगली. मुख्य भूमीवरून तेल जहाजाने यायचं, पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाजांचं काही खरं नसतं, त्यामुळे त्या महिन्यांचा साठा आधीच करून ठेवायचा. आपण पावसाळ्यापूर्वी कांदे भरतो तसं. तिथल्या युनिटचा खरा खर्च ग्राहकाच्या बिलावर छापला तर तो दिवे विझवून बसेल, म्हणून बराचसा भार सरकार उचलतं. कवरत्तीला २०२४ च्या जानेवारीत सौर प्रकल्पाबरोबर बॅटऱ्याही बसल्या, तो याच तेलाच्या जाचातून सुटण्याचा प्रयत्न.

केबल टाकली म्हणजे प्रश्न मिटतो असंही नाही. समुद्राखालची केबल लांब झाली की ती स्वतःच वीज धरून ठेवायला लागते, आपली नेहमीची एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज पलीकडे पोचायच्या आधी केबल भरण्यातच खर्ची पडते. म्हणून स्वीडनने १९५४ साली गॉटलंड बेटाला जवळजवळ शंभर किलोमीटरवरून वीज दिली ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी करून. घारापुरीच्या साडेसात किलोमीटरना ही अडचण नाही. इथली अडचण नांगरांची. जगभर समुद्राखालच्या केबली जास्त करून तुटतात त्या जहाजांचे नांगर आणि मासेमारीची जाळी यांनी, आणि घारापुरीच्या अंगणात तर देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या कंटेनर बंदरांपैकी एक. एकच केबल असली म्हणजे काय होतं ते टास्मानियाने पाहिलं. २०१५ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून या बेटावरच्या राज्याला येणारी केबल बिघडली ती २०१६ च्या जूनमध्ये दुरुस्त झाली. अख्ख्या राज्याने डिझेलचे जनरेटर भाड्याने आणून दिवस काढले. धरणंही त्याच वर्षी आटली होती. संकटं ठरवून एकत्र येतात.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेलं बेट म्हणजे स्कॉटलंडचं एग. शंभरेक वस्तीचं. तिथे केबल कधी आलीच नाही. १९९७ साली गावकऱ्यांनी बेटच विकत घेतलं, आणि २००८ मध्ये ओढ्याचं पाणी, वारा आणि ऊन यांवर स्वतःची वीज उभी केली. वर बॅटऱ्या, आणि अगदीच नड आली तर डिझेल. पण यातली खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅट. बस. तुमचं घर बंगला असो की खोपटं, तुम्ही एकटे असा की आठजण. त्याहून जास्त ओढलं की घराची लाईट तुटते. धंद्यांना १० किलोवॅट. आणि कधी वारा-पाऊस भरपूर झाला, वीज उरली, तर ती गावाच्या सभागृहासारख्या सार्वजनिक जागा उबदार ठेवायला वापरतात.

हे मी उत्साहाने सोसायटीतल्या बायकांना सांगितलं. ५ किलोवॅट म्हणजे किती, असं एकीने विचारलं. मी हिशेब करून सांगितला. दोन एसी, एक गिझर झाला की संपलं, वर इस्त्री लावलीत तर अंधार. त्यावर शांतता पसरली. बाराव्या मजल्यावर चार एसी आहेत आणि त्या घरात माणसं तीन. चौथा एसी कोणासाठी, हा आमच्याकडे जुना चर्चेचा विषय आहे. "आपल्याकडे असं चालायचं नाही," कोणीतरी म्हणालं. नाहीच चालायचं. एगच्या माणसाला त्याची वीज कुठून येते ते खिडकीतून दिसतं. ओढा आटला हे त्याला बिलावरून कळत नाही. मला माझी वीज कुठून येते ते या वयापर्यंत माहीत नव्हतं. चंद्रपूरहून येते की कोयनेहून, की गुजरातेतून, कोण जाणे. माझ्यापुरती ती भिंतीतून येते.

बँकेत असताना तीन वर्षं मी शहापूर शाखेत होते. कळव्याहून आसनगावपर्यंत लोकल, पुढे जे मिळेल ते. नव्वदीचं दशक. कर्जाच्या तपासणीसाठी पाड्यांवर जावं लागायचं. एका पाड्यावर पावसाळ्यात गेले तेव्हा कसलातरी गुणगुणाट ऐकू आला, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा. वर पाहिलं तर मोठ्या लाईनीचे मनोरे. ओल्या हवेत त्या तारा तशा गातात. लाईन पाड्याच्या बरोबर डोक्यावरून मुंबईच्या दिशेला गेली होती. एका मनोऱ्याच्या पायाला शेळी बांधलेली. आणि जिच्या घरी मी गेले होते त्या आजीने दुपारी चारला, आभाळ भरून आलं म्हणून, कागद वाचायला मला चिमणी पेटवून दिली.

त्या तारेतून आजीला लाईट का देता येत नाही, असं मी तेव्हा शाखेत विचारलं होतं आणि सगळे हसले होते. काका हसले नाहीत. म्हणाले, धरणाच्या भिंतीला तोटी लावता येते का? ४०० केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्टची लाईन उतरवायची तर मोठं सबस्टेशन लागतं, मग २२ केव्हीचे खांब, मग डीपी, म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, मग घर. मध्ये जंगल असेल तर वनखात्याची परवानगी. पाडा वीस घरांचा. कागदावर हे काही जमत नाही. शहापूरचं पाण्याचंही तसंच आहे, तानसा, वैतरणा, भातसा सगळी तिथलीच, आणि उन्हाळ्यात टँकरही तिथेच. त्या आजीला चारी बाजूंनी जमीन होती. तिच्या पाड्याला बेट म्हणायचं कोणाला सुचलं नसतं.

कागदावरचं दुसरं एक गणित. आपल्याकडे शंभरातल्या दहा घरांत वीज गेली, शाळा-पंचायतीसारख्या जागी पोचली, की गाव 'विद्युतीकृत' झालं असं २००४ पासून धरतात. घारापुरीनंतर दोनच महिन्यांनी, २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधलं लेइसांग हे गाव जोडलं गेलं आणि देशातलं शेवटचं गाव उजळलं असं जाहीर झालं. काम मोठं झालं, नाही म्हणणार नाही. पण शंभरातल्या उरलेल्या नव्वद घरांनी रात्री समोर बघितलं तर त्यांना काय दिसत असेल?

आणि मग १२ ऑक्टोबर २०२०. सोमवार होता. मी कळव्याला आईकडे होते. वडिलांना दम्याचा त्रास, नेब्युलायझर लावलेला, आणि दहाच्या सुमाराला तो बंद पडला. सवयीने खिडकीत गेले. समोर लाईट नाही. बरं वाटलं. मग भावाचा ठाण्याहून फोन, आमच्याकडे गेलीय. बहिणीचा दादरहून, आमच्याकडे गेलीय. लोकल मध्येच उभ्या. दादरला लाईट गेली म्हटल्यावर आई पहिल्यांदा घाबरली. तिच्या आठवणीत मुंबईची लाईट कधी गेलीच नव्हती. भारनियमनाच्या काळात आम्ही कळव्यात घामाने भिजत बसायचो तेव्हाही मुंबईत दिवे असायचे. थोड्या वेळाने मोबाईलही गेला, टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या असाव्यात. वडिलांना पुठ्ठ्याने वारा घालत बसलो.

झालं होतं ते आमच्या अंगणातच. पडघ्याहून कळव्याला येणाऱ्या ४०० केव्हीच्या लाईनी बंद पडत गेल्या, उरलेल्यांवर भार आला, त्याही सुटल्या. राज्याची वीज कुठून कुठे जाते त्यावर डोळा ठेवणारं भारप्रेषण केंद्र ऐरोलीला आहे, आईच्या घरापासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर. तिथल्या माणसांची ती सकाळ कशी गेली असेल कोण जाणे.

पण मला त्या प्रकरणात भेटलेला एक शब्द सोडत नाही. आयलँडिंग. १९८१ पासून मुंबईसाठी अशी योजना आहे की बाहेरचं ग्रिड कोसळायला लागलं तर मुंबईने आपले दोर आपणच कापायचे, बेट होऊन जायचं, आणि ट्रॉम्बे-डहाणूच्या आपल्या विजेवर तरंगत राहायचं. बेट होणं हे संरक्षण! सात बेटं भरून भरून एक करण्यात ज्या शहराने दीड-दोनशे वर्षं घालवली, त्याला अडीअडचणीला पुन्हा बेट व्हायचं असतं. त्या सोमवारी ते बेट वेगळं झालंही, पण आतली वीज आतल्या मागणीला पुरली नाही आणि तेही बुडालं. पंगत मोठी असली तरी चूल एकच पेटती उरली की काय होतं, ते काकांचंच गणित.

आणि त्या बेटात आम्ही नव्हतोच. ठाणं, कळवा, नवी मुंबई ही सगळी किनाऱ्याची माणसं. योजना यशस्वी झाली असती तर आम्ही खिडकीत जाऊन समोर मुंबईची लाईट बघत बसलो असतो. मोराबंदरची माणसं बसायची तसे.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी सौर पॅनेल बसवली. यंदा फेब्रुवारीत भर दुपारी बारा वाजता लाईट गेली. रणरणतं ऊन, गच्चीभर पॅनेल, आणि लिफ्ट बंद. बाराव्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्याने चढून आले ते थेट सेक्रेटरींच्या दारात. ऊन आहे, पॅनेल आहे, पैसे भरलेत, मग लाईट का नाही? तातडीची सभा बोलावली. पॅनेल बसवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, बाहेरची लाईट गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, नियमच आहे, त्याला अँटी-आयलँडिंग म्हणतात.

मी काकांकडे पाहिलं. मुंबईने बेट व्हायचं, आमच्या गच्चीने व्हायचं नाही.

"हा काय मूर्खपणा आहे?" बारावा मजला म्हणाला.

काका सहसा सभेत बोलत नाहीत. त्या दिवशी उठले. भिवंडीची गोष्ट सांगितली. लाईन बंद ठेवायचं परमिट घेतलेलं, डिओ, म्हणजे पोलवरचे फ्यूज उतरवलेले, लाईन मेलेली. बरोबरचा मुलगा पोलवर. पलीकडच्या गल्लीत एका दुकानदाराने जनरेटर लावला आणि मेन स्विच पाडायचा राहिला. त्याच्या दुकानातली वीज तारेतून उलटी डीपीवर गेली, तिथे तिचे हजारो व्होल्ट झाले, आणि मेलेली लाईन जिवंत झाली.

"वाचला," काका म्हणाले. "पण पुन्हा पोलवर चढला नाही. तुमच्या गच्चीवरून खाली सप्लाय गेला तर खड्ड्यात जॉइंट मारणाऱ्याला कसं कळणार? त्याने तर आधी समोर लाईट नाही हे बघितलेलं असतं."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग बॅटऱ्यांचा विषय निघाला. बाहेरच्या लाईनशी संबंध तोडून फक्त लिफ्ट आणि पंप चालवतील अशा बॅटऱ्या घेता येतात, ते कायद्यात बसतं. किंमत ऐकल्यावर तो विषय पुढच्या वार्षिक सभेवर गेला. जनसेटच्या टाकीत कायम पन्नास लिटर डिझेल असावं, असा ठराव एकमताने मंजूर झाला. ते आणायला पंपावर कोणी जायचं यावर साडेदहापर्यंत वाद झाला आणि सभा तहकूब झाली.